द्यूत आणि सट्टा : वऱ्हाडच्या कापूसबाजाराच्या संदर्भात कायद्यातील भेदरेषेचा विचार

मेळघाटातील चिखलदऱ्याचे नाव लोकपरंपरा कीचकाशी जोडते. भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत ज्या दरीत लोटले तो कीचकदरा, आणि त्याचेच पुढे चिखलदरा झाले, असे येथे सांगितले जाते. विराटाचा मत्स्यदेश राजस्थानातील बैराटच्या परिसरात होता असे बहुतेक संशोधकांचे मत असल्याने ही व्युत्पत्ती इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि या कथेचा उगम एका पणात आहे, ही गोष्ट कायद्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या द्यूतात हरणाऱ्याने बारा वर्षे वनवास व एक वर्ष अज्ञातवास पत्करावा असा पण होता. त्या पणानेच पांडव विराटाच्या नगरीत आले, आणि ज्या व्यसनाने युधिष्ठिराचे राज्य गेले त्याच द्यूतविद्येच्या बळावर तो कंक या नावाने विराटाच्या सभेत राहिला. त्याआधी कुरुसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न तर उघडच व्यवहारशास्त्राचा होता : जो आधी स्वतःलाच हरला, त्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? सभेला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

कोणता पण बंधनकारक आणि कोणता नव्हे, हा प्रश्न चिखलदऱ्याच्या डोंगराखाली पसरलेल्या कापसाच्या मुलखात निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला. फाशावर पैसा लावणारा जुगारी, मग कापसाच्या उद्याच्या भावावर पैसा लावणारा कोण? आज एकाच भ्रमणध्वनीवर एक मनुष्य पत्ते खेळतो आणि दुसरा सकाळी घेतलेले समभाग दुपारी विकून मोकळा होतो. पहिल्यास कायदा निषिद्ध ठरवितो. दुसऱ्यास संरक्षण देतो. या भेदाची कारणे म्हणून सामान्यतः दोन कसोट्या सांगितल्या जातात : एक, व्यवहारात प्रत्यक्ष मालाची देवघेव आहे की केवळ भावातील फरकाची; दोन, यश कौशल्यावर अवलंबून आहे की दैवावर. या दोन्ही कसोट्यांचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, त्या दीर्घकाळ उपयोगी पडल्या असल्या तरी आज त्यांपैकी एकही निर्णायक राहिलेली नाही. मागे उरली आहे ती तिसरी आणि सर्वांत जुनी कसोटी, म्हणजे व्यवहार कोणत्या जागी व कोणाच्या देखरेखीखाली झाला ही.

ही तिसरी कसोटी धर्मशास्त्राला परिचित होती. मनूने निर्जीव साधनांनी होणारे द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजींवरील समाह्वय असा भेद केला, पण राजाने दोहोंचाही उच्छेद करावा असे सांगितले. याज्ञवल्क्याची भूमिका भिन्न आहे. त्याने द्यूतगृहाचा चालक जो सभिक, त्याला व्यवस्थेत स्थान दिले : शंभर वा त्याहून अधिक पणांच्या जिंकीवर शेकडा पाच व त्याखाली शेकडा दहा असा त्याचा भाग ठरविला, त्यातून राजाचा अंश द्यावा असे सांगितले, आणि सभिकाच्या उपस्थितीत उघडपणे झालेल्या खेळात जिंकलेले धन जेत्यास मिळवून देणे हे राजाचे कर्तव्य मानले. कौटिल्याने द्यूताध्यक्षाची नेमणूक सांगून द्यूत एकाच नेमल्या ठिकाणी चालावे आणि अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा असा नियम घातला. म्हणजे मनूची दृष्टी निषेधाची, तर याज्ञवल्क्य-कौटिल्यांची नियंत्रणाची होती. नंतरच्या कायद्याचा सारा इतिहास या दोन दृष्टींमधील हेलकावा होय असे म्हणण्यास हरकत नाही.

ब्रिटिश अंमलाच्या पूर्वार्धात स्थिती अशी होती की, पैजेचा करार न्यायालयात वसूल होऊ शके. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी लावलेल्या पैजांचा रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सूजनमल धोंडमल हा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पैजांना बाध आणणारे इंग्रजी अधिनियम हिंदुस्थानास लागू नाहीत आणि जुन्या सामान्य कायद्याप्रमाणे पैज बेकायदा नाही, असा निर्णय १८४८ मध्ये झाला. त्याच वर्षी २१ वा अधिनियम करून सरकारने पैजेचे करार निरर्थक ठरविले. १८६५ मध्ये मुंबई इलाख्याने आणखी पुढे पाऊल टाकून पैजेला पूरक अशा आनुषंगिक करारांनाही न्यायालयाची दारे बंद केली. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ३० व्या कलमाने सर्वसाधारण नियम कायम केला. त्याच कलमात घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या बक्षिसासाठी दिलेल्या वर्गणीचा अपवाद आहे. निषेध करतानाच एखाद्या प्रतिष्ठित खेळासाठी दार किलकिले ठेवण्याची प्रवृत्ती या कलमात स्पष्ट दिसते.

याच काळात वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात आला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेला होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. तेव्हा मुंबईमार्गे जाणाऱ्या हिंदी कापसाचा भाव कित्येक पटींनी वाढला. त्या पैशावर मुंबईत शेअरांचे जे वेड माजले ते युद्ध संपताच ओसरले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडचे जगाशी जडलेले नाते मात्र तुटले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोचली आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात बोलली जाऊ लागली.

या घटनेचा कायदेशीर अर्थ महत्त्वाचा आहे. वऱ्हाडातील कास्तकार पेरणी करी तेव्हा, वेचणीच्या वेळी भाव काय असेल हे ठरविणारी शक्ती त्याच्या तालुक्यात नव्हे तर समुद्रापार असे. भावाची जोखीम त्याने स्वतःहून निर्माण केलेली नव्हती. पिकाबरोबर ती त्याच्या गळ्यात पडत होती. कापूस घेऊन रुईच्या गाठी बांधणाऱ्या व्यापाऱ्याचीही तीच अवस्था. माल हातात असेपर्यंत भाव घसरला तर तो बुडे. अशा व्यापाऱ्याने पुढील महिन्याच्या वायद्याने गाठी विकून ठेवणे म्हणजे जुगार नव्हे, उलट जुगारातून सुटका करून घेणे होय. परंतु वायद्याची जोखीम पत्करण्यास दुसरा कोणी तरी पुढे यावा लागतो, आणि हा दुसरा बहुधा केवळ भावावर नजर ठेवून असलेला सटोडिया असतो. संरक्षण शोधणारा आणि नफा शोधणारा असे दोघे एकाच करारात समोरासमोर येतात. कायद्याची खरी अडचण येथे आहे.

वऱ्हाडच्या प्रशासनाने या अडचणीला थेट हात घातला नाही. त्याने प्रथम बाजाराची जागा नियमित केली. कारंजा येथील कापूसबाजार १८८६ मध्ये नियंत्रणाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. नेमलेले आवार, बाजार समिती, परवाना घेतलेले दलाल व मापारी ही त्याची अंगे होत. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभरातील नियंत्रित बाजारांचा विचार करताना वऱ्हाडच्या या पद्धतीची दखल घेतली. हा कायदा हजर मालाचा होता, वायद्याचा नव्हे. पण आवारात झालेला सौदा तो खरा सौदा, हे तत्त्व त्याने रूढ केले.

वायद्याचा निवाडा मात्र न्यायालयांना करावा लागला, आणि त्यासाठी त्यांनी हेतूची कसोटी निर्माण केली. रंगूनच्या तांदळाच्या सौद्यांविषयी काँग यी लोन विरुद्ध लौजी नानजी या १९०१ च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने पाहिले ते असे की, कागदावर माल देण्याघेण्याची भाषा असली तरी उभयपक्षांचा खरा हेतू फरकापुरताच होता. म्हणून ते करार पैजेचे ठरले. १९१८ मध्ये भगवानदास परसराम विरुद्ध बरजोरजी रतनजी या प्रकरणात मर्यादा अधिक स्पष्ट झाली : सट्टा आणि पैज एक नव्हेत; केवळ एका पक्षाच्या मनात माल न घेण्याचा विचार असून भागत नाही, दोघांचाही तसा समान हेतू सिद्ध झाला पाहिजे.

ही कसोटी तर्कदृष्ट्या शुद्ध, पण पुराव्याच्या दृष्टीने दुबळी होती. पक्क्या अडत्याची पद्धती तिच्या आड येई. १९०५ च्या भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केल्याप्रमाणे पक्का अडत्या आपल्या गिऱ्हाइकाशी स्वतःच्या जबाबदारीवर करार करतो. मुलखातील गिऱ्हाईक आणि मुंबईतील अडत्या यांच्यात पत्राने व तारेने सौदा होई. अडत्याचा हेतू अडत मिळविण्याचा, गिऱ्हाइकाचा फरक मिळविण्याचा. मग समान हेतू कोठून दाखवायचा? परिणामी, भाव विरुद्ध गेला की ‘ही पैज होती’ असा बचाव घेणारा गिऱ्हाईक आणि ‘हा व्यापार होता’ असे म्हणणारा अडत्या हे दृश्य न्यायालयांत वारंवार दिसू लागले. ज्या कायद्याने जुगाऱ्यास परावृत्त करावयाचे, त्याचाच आधार घेऊन हरलेला सटोडिया सुटू पाहत होता.

हेतूऐवजी विषयाकडे पाहिले तरी भेद सुलभ होत नाही, हे पावसावरील पैजांच्या उदाहरणावरून कळते. ठरलेल्या वेळात ठरलेल्या जागेतून पावसाचे पाणी वाहील की नाही, यावर मुंबईत पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाची व्याख्या त्यांना अपुरी पडली, म्हणून १८९० मध्ये तीत दुरुस्ती करावी लागली. कलकत्त्यातही १८९७ मध्ये तसाच कायदा झाला. आज अमरावती जिल्ह्यातील संत्र्याचा बागायतदार हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवितो, तेव्हा पर्जन्यमापकाच्या आकड्यावरच त्याला भरपाई मिळते. पाऊस तोच, माप तेच. एक करार जुगार आणि दुसरा विमा. भेद एवढाच की बागायतदाराची बाग प्रत्यक्ष उभी आहे. इंग्लंडमध्ये परक्या माणसांच्या आयुष्यावर विमा उतरवून पैजा लावण्याची चाल बोकाळली, तेव्हा १७७४ च्या अधिनियमाने हितसंबंधावाचून विमा नाही असा दंडक घातला. हितसंबंधाची ही कसोटी विम्यात स्थिरावली. वायदेबाजारात ती कधीच सक्तीची झाली नाही. तशी केली असती तर जोखीम पत्करणाराच उरला नसता.

अखेरीस कायदा पुन्हा जागेकडे वळला. १९२२ च्या मुंबई कापूस करार अधिनियमाने ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या व्यवस्थेला वैधानिक आधार दिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वायदे करार (नियमन) अधिनियमाने अधिसूचित मालाचे वायदे मान्यताप्राप्त संस्थेच्या सभासदांमार्फतच वैध ठरविले आणि तेजीमंदीच्या सौद्यांस मनाई केली. १९५६ मध्ये रोख्यांच्या करारांसाठी तसाच अधिनियम झाला. मान्य आवाराबाहेर काय घडते हेही याच काळात दिसले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत ‘आकडा’ लावला जाई. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. परंतु खेळ थांबला नाही. १९६२ पासून वरळीस चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि मटका जन्मास आला. कापूस नाहीसा झाला तरी आकडा उरला. मालाशी असलेला संबंध किती वरवरचा होता याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय या टप्प्यावर मार्गदर्शक ठरले. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात न्यायालयाने जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असे म्हटले. १९५९ मध्ये घेरूलाल पारख प्रकरणात, गव्हाच्या वायद्यांवरील पैजांसाठी केलेली भागीदारी न्यायालयापुढे होती. मनु-याज्ञवल्क्यांची मते, तसेच पित्याचे द्यूतऋण फेडण्यास पुत्र बांधलेला नाही हा हिंदू विधीचा नियम, यांचाही परामर्श घेऊन न्यायालयाने ठरविले की पैजेचा करार निरर्थक असला तरी बेकायदा नव्हे, आणि म्हणून भागीदारी वैध आहे. एकाच दशकात एकीकडे मनूची तर दुसरीकडे याज्ञवल्क्याची छाया पडलेली दिसते.

यानंतर दोन्ही परिचित कसोट्या क्रमाने बाजूस सारल्या गेल्या. शेअरांच्या मुदतीच्या सौद्यांवर जून १९६९ मध्ये घातलेली बंदी मार्च २००० मध्ये उठली. त्याच सुमारास १९५६ च्या अधिनियमात १८-अ हे कलम अंतर्भूत होऊन, अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, मान्यताप्राप्त शेअरबाजारात झालेले व्युत्पन्न रोख्यांचे करार वैध ठरले. निर्देशांक ही वस्तूच नसल्याने त्याची देवघेव अशक्य. त्या करारात फरकाशिवाय काही असूच शकत नाही. ३० व्या कलमाखाली जो हेतू घातक ठरला असता, तो येथे कराराच्या स्वरूपातच समाविष्ट आहे. एका दिवसात घेऊन विकलेल्या समभागांचे तसे नाही. तेथे प्रत्येक सौदा विधितः देवघेवीचाच असतो आणि परस्परविरुद्ध सौद्यांची वजावट होते. अशी वजावट म्हणजे देवघेवच, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी १९०५ मध्ये शिकागोच्या धान्यबाजाराविषयी मांडले होते. मात्र १९६१ च्या आपल्या आयकर अधिनियमाने अशा व्यवहारास सट्ट्याचा व्यवहार हेच नाव दिले होते. रोख्यांचा कायदा ज्यास वैध म्हणे, त्याच व्यवहाराचा तोटा करकायदा वेगळ्या खात्यात ठेवी.

कौशल्याच्या कसोटीचेही तसेच झाले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, आणि घोड्यांच्या शर्यतीविषयी तसेच मत १९९६ मध्ये दिले. याच आधारावर ऑनलाइन रमी व काल्पनिक क्रिकेट-संघांचे खेळ उभे राहिले. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवाकर आकारला जाऊ लागला. राजा आपला अंश घेऊ लागला. परंतु दोनच वर्षांत धोरण उलटले. संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने, खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा मिश्र असो, पैसे लावून खेळविण्यास बंदी केली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद तीत आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. या व्याख्येच्या कक्षेत कौशल्याचा युक्तिवाद निरुपयोगी झाला.

आता दोन्ही व्यवहारांची तुलना करता काय उरते? ऑनलाइन जुगारात खेळ चालविणारा नियम करतो, पैसा सांभाळतो आणि वादाचा निर्णयही तोच देतो. शेअरबाजारात दलाल, बाजार आणि समाशोधन संस्था वेगळ्या असतात, त्यांवर सेबीची देखरेख असते आणि प्रत्येक सौद्याची नोंद राहते. जुगारातील आकड्याचा बाहेरच्या जगास उपयोग नाही. बाजारातील भावाच्या आधारे मात्र कारखानदार भांडवल उभारतो आणि गाठीवाला आपला माल सुरक्षित करतो. हे भेद खरे आहेत, क्षुल्लक नाहीत. मान्य बाजाराबाहेर केवळ भावांच्या फरकावर चालणारा ‘डबा’ बेकायदा का, याचे उत्तरही त्यांत मिळते : तेथे भाव बाजाराचा असतो, पण हिशेब, हमी आणि देखरेख यांपैकी काहीच नसते.

परंतु हे सर्व भेद व्यवस्थेचे आहेत. व्यवहार करणाऱ्याच्या स्थितीचे नाहीत. सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२-२३ या वर्षी समभागांत एकदिवसीय व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी दहांतील सात तोट्यात गेल्या. सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या व्युत्पन्न रोख्यांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला, आणि त्यांच्या तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कराराचे किमान मूल्य वाढविले आणि दर आठवड्यास संपणाऱ्या करारांवर मर्यादा घातल्या. हे उपाय जागेची कसोटी पुरेशी नसल्याचे मूक निवेदनच होय.

वऱ्हाडच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. १९७२ पासून २००२ पर्यंत राज्याच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने भावाची जोखीम बऱ्याच अंशी सरकारी तिजोरीवर घेतली होती. ती योजना संपताच जोखीम पुन्हा कास्तकाराच्या दारी आली. वायदेबाजाराचे समर्थन ज्या गरजेच्या नावाने होते ती गरज त्याची आहे. परंतु त्याच घरातील तरुण जेव्हा निर्देशांकाच्या साप्ताहिक करारावर पैसा लावतो, तेव्हा तो अंगावर आलेली जोखीम टाळीत नसून नवी जोखीम निर्माण करीत असतो. पिता न निवडलेल्या जोखमीखाली दबलेला आणि पुत्र निवडलेल्या जोखमीत गुंतलेला. कायद्याच्या भाषेत मात्र दोघेही बाजारातील सहभागी. विम्याने हितसंबंधाची जी कसोटी १७७४ पासून बाळगली, ती जशीच्या तशी बाजारास लावता येणार नाही हे खरे. पण संरक्षणासाठी येणारा आणि केवळ पणासाठी येणारा यांना निदान वेगळे ओळखणे, आणि दुसऱ्याला त्याच्या ऐपतीचा प्रश्न विचारणे, हे कोणत्याही नियंत्रकास अशक्य नाही.

कुरुसभेतील द्यूत चोरून खेळलेले नव्हते. निमंत्रण राजाचे होते, सभा अधिकृत होती, साक्षीला कुलवृद्ध बसले होते. याज्ञवल्क्याच्या किंवा १८-अ कलमाच्या कसोटीने पाहिले तर त्या व्यवहारात जागेचा दोष काढता येत नाही. द्रौपदीचा प्रश्न जागेविषयी नव्हताच. तो पण लावणाऱ्याच्या अधिकाराविषयी होता, आणि त्या पणाची झळ ज्यांना लागणार त्यांच्याविषयी होता. कायद्याने दीडशे वर्षांत हेतू तपासला, कौशल्य मोजले, आणि शेवटी आवाराची भिंत बांधली. भिंतीच्या आत कोण काय पणाला लावीत आहे, ही चौकशी अजून अपुरीच आहे.